सातव्या मजल्यावरचा उघडा नळ

मी खोलीकडं वळले आणि चप्पल पच्चकन वाजली. खाली बघितलं तर गालिचा काळा पडलेला. भर समुद्रात, जहाजाच्या सातव्या मजल्यावर, माझ्या पायाखाली पाणी.

डोक्यात एकच आलं. बुडालो.

पण असं मधूनच सांगितलं तर कुणाला काही कळणार नाही, म्हणून आधी मावशी सांगते. वर्गातल्या एकीच्या ताईचं लग्न ठरलंय, ती कालपासून माझ्या मागं लागलीय, "तू गेली होती ना, फॅमिली क्रूझवर नुसत्या नवरा-बायकोनं जावं का? मजा येते का?" आता हिला हो म्हणू का नाही म्हणू? मला जहाज म्हणलं की मजा आठवतच नाही, रूपालीमावशीचे हात आठवतात. म्हणून बसले टाईप करायला.

रूपालीमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. माहेर फुलंब्रीजवळचं खेडं. लग्न होऊन संभाजीनगरला आली तेव्हा बीड बायपासला नुसती शेतं होती म्हणे. आता बिल्डिंगवर बिल्डिंग. तिच्या नवऱ्यानं, प्रणयकाकांनी, तिथं पाण्याच्या टाक्यांचं दुकान टाकलं आणि मावशी गल्ल्यावर बसायला लागली. दुकानात ती वाघीण. "ओ भाऊ, चार माणसांच्या घराला येवढीशी टाकी नेता व्हय? पाणी येतं आठ दिवसाला, आंघोळ काय महिन्याला करता?" असं बोलून ती माणसाला मोठी टाकी घ्यायला लावायची. माणूस हसत हसत घेऊन जायचा.

आणि ह्याच मावशीला कुणी बाळ दिलं की तिचा चेहरा पांढरा.

त्यांना मूल नाही. दवाखाने झाले, पुण्याला जाऊन झालं, मग दोघांनी विषय बंद केला. काका कधी एक शब्द बोलले नाहीत. पण मी सातवीत असताना फुलंब्रीला एका भावाच्या बाळाचं नामकरण होतं. बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या झाल्या, नाव ठेवलं, बाळ ह्याच्या मांडीवरून त्याच्या मांडीवर फिरत होतं. मावशीकडं आलं. तिनं जरा छातीशी धरलं असंल नसंल, तर भागूबाई म्हणून एक म्हातारी आहे आमच्यात, ती उठली आणि सगळ्यांदेखत बाळ काढून घेतलं. "दे इकडं. सवय नसती तुला. मान लचकंल लेकराची."

झालं. त्या दिवसापासनं मावशीनं कुणाचं लेकरू हातात घेतलं नाही. कार्यक्रमाला दाराजवळ बसणार, आहेराचं पाकीट देणार, निघणार. मला एकदाच म्हणली होती, "गुड्डे, मला लेकरू नाय ह्याचं आता काय वाटत नाय. पण माझ्या हातून कुणाच्या लेकराला काय झालं ना, तर मी जगणार नाय." मला तेव्हा हे जास्तीचं वाटलं होतं.

तर आम्ही जहाजावर गेलो त्या वर्षी पाऊसच झाला नव्हता. उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, गल्लोगल्ली टँकर, आणि ज्याला त्याला टाकी पाहिजे. काकांचं दुकान धो धो चाललं. काकांना त्याची लाज पण वाटायची, "लोक तहानेनं मरायले आणि आपला धंदा जोरात," असं म्हणायचे. टाकीच्या कंपनीनं मराठवाड्यात जास्त माल विकणाऱ्यांना बक्षीस काढलं, मुंबईहून क्रूझ. फॅमिली पॅकेज. दोन मोठे, दोन मुलं.

कंपनीच्या पोराचा फोन मी शेजारी असतानाच आला. "सर, मुलांची नावं पाठवा ना लवकर."

काका म्हणले, "मुलं नाहीत."

"म्हणजे येणार नाहीत का सर?"

"नाहीतच."

मग मावशीनं फोन ओढला आणि म्हणली, "एक भाचीये. वीस वर्षांची हाय, पण डोकं लहान लेकराचंच हाय. चालंल का?"

अशी मी जहाजावर गेले.

काकांना लई हौस होती. वीस वर्षांत दोघं मिळून नागपूरला दीक्षाभूमीला आणि मुंबईला चैत्यभूमीला, बस, येवढंच फिरले. काका मावशीला म्हणले, "निवांत बसू. समुद्र बघू. कुणी टाकी मागायला येणार नाही."

निवांत! चढता चढताच एक पोरगी हसत आली, हातात दोन पिवळे पट्टे, मनगटाला बांधायचे, आणि दोन टोप्या आणि रंगांच्या पेट्या. "बच्चे कहाँ हैं मॅम?" पट्ट्यांवर आमच्या खोलीचा नंबर छापलेला, सात दोन एक चार. बुकिंगमध्ये दोन मुलं होती म्हणून त्यांनी सगळं तयारच ठेवलेलं. मावशीनं पट्टे पर्समध्ये टाकले. एक टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणली, "घाल, फुकटची हाय."

आणि जहाज म्हणजे, काय सांगू, तरंगती बालवाडी! लिफ्टमध्ये लेकरं, जिन्यावर लेकरं, स्वीमिंग पूलमध्ये पाणी कमी आणि लेकरं जास्त. मागच्या बाजूला फक्त मोठ्यांसाठी एक कोपरा आहे असं कळलं तर काका हौसेनं मावशीला घेऊन गेले. तिथं नेमकी फुग्यांची पार्टी लावलेली. दोघं दोन फुगे घेऊन परत आले. काका हसत होते. मावशी हसत नव्हती. ती कठड्यापासून लांब, भिंतीला धरून चालायची, आणि कुणाचं लेकरू पळत आलं की दोन्ही हात वर घ्यायची, धक्का लागू नये म्हणून.

जेवायला आम्हाला कन्नडच्या सर्जेरावांच्या टेबलावर बसवलं. ते पण टाक्यांचेच व्यापारी. ते, त्यांची बायको सुवर्णावहिनी आणि पाच वर्षांची ईश्वरी. ईश्वरी म्हणजे फटाका. खुर्चीवर उभी, मग टेबलाखाली, मग माझ्या मांडीवर.

सर्जेरावांनी बसल्या बसल्या विचारलं, "वहिनी, पोरं कुठं सोडली?"

"दुकानात," मावशी म्हणली. "गिऱ्हाईक बघायला नको का कुणी?"

सगळे हसले. मग काकांनी हळूच सांगितलं आणि सर्जेराव घास तसाच धरून बसले. सुवर्णावहिनी सांभाळून घ्यायला गेली, "तुमचं बरंय बाई. राजा-राणी मोकळे. आम्हाला मेलं हिच्यामुळं गरम जेवण माहीत नाही." मावशीनं मान हलवली. ईश्वरी तिच्याकडं सरकली तशी तिनं ताट मधे घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ गेला.

मी ब्रश तोंडात धरून उभी आणि नळ फुस्स करून गप्प. स्पीकरवर सांगितलं की आमच्या बाजूला काहीतरी दुरुस्ती आहे, थोड्या वेळात पाणी येईल. दुसऱ्या गावची माणसं काय करतील? नळ बंद करून फिरायला जातील. आमची मावशी म्हणली, "बघ, इथं बी आलं का नाय मागं!" आणि घरी करते तेच केलं. आमच्याकडं पाणी कधी येईल ह्याचा नेम नसतो, म्हणून सगळेजण नळ उघडा सोडूनच ठेवतात. खाली पातेलं, पाणी आलं की आवाज होतो, आवाज झाला की घर उठतं. तिनं नळ उघडा ठेवला. बेसिनच्या भोकाला बूच लावलं, थेंब वाया जायला नको. आणि खाली न्हाणीच्या जाळीवर टॉवेलचा बोळा दाबला, झुरळं येतात म्हणून. त्या चकाचक जहाजावर! मी बघत होते, मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. आमच्या घरी पण असंच असतं.

तेवढ्यात दार वाजलं. सुवर्णावहिनी, सर्जेराव, मधे ईश्वरी.

"अहो, जरा हिला बघता का? खाली जादूचा खेळ आहे, मोठ्यांचा. दोघं कधी कुठं गेलोच नाही. तुम्ही मोकळेच आहात ना?"

मावशी मागं सरली. काका मात्र एकदम म्हणले, "द्या हो, त्यात काय!" मला वाटतं त्यांना वाटलं असंल की बरं वाटंल हिला. पोरीला आत ढकलून ते दोघं गेले, आणि काका वरच्या डेकवर खुर्च्या धरायला गेले.

मावशी माझ्याकडं बघायला लागली. खरंच सांगते, मी तिला इतकी घाबरलेली कधी बघितली नव्हती. "गुड्डे, तू धर तिला. मी नाय."

पण ईश्वरी थोडीच विचारून धरते? तिनं मावशीचं बोट पकडलं आणि ओढायला लागली, "खेळायला, खेळायला!" मावशीनं मग काय केलं, स्वतःची शाल काढून तिचं एक टोक पोरीच्या मनगटाला बांधलं आणि एक स्वतःच्या. लिफ्टमधले लोक हसत होते. मावशीला काय फरक पडत नव्हता.

वर लेकरांची खेळायची खोली होती. दारातल्या पोरीनं अडवलं. पट्टा नाही तर आत नाही. ईश्वरीचा पट्टा तिच्या आईनं आंघोळीच्या वेळी काढून ठेवलेला. ईश्वरीनं असं भोकाड पसरलं की सगळे बघायला लागले. मावशी घामाघूम. मग तिनं पर्स उघडली, तळातनं तो पिवळा पट्टा काढला, आमच्या नंबरचा, आणि पोरीच्या हाताला बांधला. शाल सोडली. पोरगी आत पळाली. मावशी दाराबाहेर खुर्चीवर बसली आणि काचेतनं नजर हलवंना.

"नळ बघून ये," ती म्हणली मला. "आणि माझा चष्मा आण."

म्हणून मी खाली आले, आणि चप्पल पच्चकन वाजली.

मी चष्मा नाही आणला, नळ नाही बघितला, काही नाही. मी वर पळत सुटले. जिन्यावर माणसं आइस्क्रीम खात होती, मला वाटलं ह्यांना माहीतच नाही, आपण मरणार आहोत आणि हे आइस्क्रीम खातायत. मी मावशीसमोर जाऊन किंचाळले, "जहाजात पाणी शिरलंय! आपल्या खोलीबाहेर! बुडायलंय जहाज!"

मावशीनं कपाळावर हात मारला. "नळ! अगं माय, बूच लावलंय मी!"

आणि ती पळाली. मी तिच्यामागं. लिफ्ट उघडीच होती. आमच्या गल्लीत नळ वाहतोय म्हणलं की माणूस जेवणावरनं उठून पळतं, तो पळ आमच्या अंगातच आहे. पाणी वाया चाललंय, येवढंच तिला दिसत होतं. ती घोट्यापर्यंतच्या पाण्यात गेली, नळ बंद केला, बूच उपटलं, बोळा ओढला. पाणी गडगड करत जाळीतनं खाली गेलं. मावशी साडीचा काठ पिळत म्हणली, "येवढं पाणी गं. आपल्या गल्लीला दोन दिवस..."

आणि थांबली. स्वतःच्या हातांकडं बघितलं. एका हातावर शाल होती.

"पोरगी?"

मला अजून तिचा तो आवाज ऐकू येतो.

वर आलो तर खेळायच्या खोलीत ईश्वरी नाही. ती दारातली पोरगी म्हणली, एका लेकराला उलटी झाली म्हणून वळले होते, बहुतेक तुमच्या मागंच आली ती. आमच्या मागं कुणी नव्हतं! लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो!

मग मला समुद्र दिसला. तोपर्यंत दिसतच नव्हता, नुसता निळा फोटो होता तो. आता एकेक कठडा दिसायला लागला, कठड्याच्या गजांमधली फट दिसायला लागली, आणि पाच वर्षांची पोरगी त्यातनं जाती का नाही जाती, हे मी डोळ्यांनी मोजत होते. मी पूलमध्ये बघितलं, सगळी डोकी सारखी. मी "ईश्वरी, ईश्वरी" ओरडत होते आणि मोठ्यानं गाणं लावलेलं, माझा आवाज मलाच येत नव्हता.

मावशी ओरडत नव्हती. ती खाली वाकून एकेका टेबलाखाली बघत होती. वाकायची, बघायची, पुढं जायची. काका आले, त्यांना मी सांगितलं, ते जहाजाच्या माणसाला धरून मोडक्या हिंदीत सांगायला लागले, "बच्ची गुम गई, छोटी बच्ची, पाँच साल की." तो म्हणला घबराइए मत, सब जगह कैमरा है, आणि वायरलेसवर बोलायला लागला. मावशी काकांना म्हणली, "मी म्हणलं होतं ना तुम्हाला. म्हणलं होतं ना, माझ्याकडं नका देऊ."

नेमके त्याच वेळी सर्जेराव आणि सुवर्णावहिनी हसत हसत जिना चढून आले.

"ईश्वरी कुठंय?"

मग मावशीच पुढं झाली. "मी सोडली तिला. खोलीत नळ वाहत होता, मी तिकडं पळाले. सापडंना आता."

सुवर्णावहिनीला आधी समजलंच नाही. मग समजलं. "नळ? नळासाठी माझी पोरगी सोडली? तुम्हाला काय कळणार हो, तुम्हाला पोरंच नाहीत!"

सर्जेराव "अगं, अगं" म्हणत होते. काका खाली बघत होते. मला वाटलं मावशी पडती आता, मी तिला मागनं धरली. पण तिनं नुसती मान हलवली, हो म्हणल्यासारखी. जशी त्या भागूबाईनं बाळ काढून घेतल्यावर हलवली होती, तशीच.

तेव्हा गाणं बंद झालं आणि स्पीकर खरखरला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. कमरा नंबर सात दो एक चार के माता-पिता, कृपया रिसेप्शन पर आइए, आपकी बच्ची हमारे पास है।

सुवर्णावहिनी रडतच होती. तिच्या खोलीचा नंबर वेगळा, तिला त्या वाक्याचं काय? सर्जेरावांना पण नाही. मी पण बधिर झाले होते. मावशीनं मात्र सुवर्णावहिनीचा दंड गच्च धरला.

"चला. तीच हाय. पट्टा माझाय."

पाच जण कसे खाली गेलो मला आठवत नाही. रिसेप्शनच्या उंच टेबलावर ईश्वरी बसलेली, हातात बिस्कीट, पाय हलवत. आम्ही लिफ्टनं गेलो तशी ती मावशीच्या मागं म्हणून जिन्यानं उतरली होती, मजला चुकली आणि पार खाली भटारखान्याजवळ गेली. तिथल्या स्वयंपाक्यानं पट्ट्यावरचा नंबर बघितला आणि रिसेप्शनला आणून बसवली.

तिथल्या मॅडमनं पट्टा बघून मावशीलाच विचारलं, कारण मावशी सगळ्यात पुढं होती. "मॅम, आपकी बेटी?"

ईश्वरीनं मावशीकडं हात केले.

मावशीचे हात उठले. मी बघितलं, कोपरापर्यंत उठले. आणि तिनं ते पाठीमागं नेले. "नाय. ह्यांची हाय," म्हणली, आणि बाजूला सरली. सुवर्णावहिनीनं पोरीला असं आवळलं की बिस्किटाचा चुरा झाला.

त्या दिवशी मावशी खोलीतनं हललीच नाही. जहाजाच्या माणसांनी मशीन लावून गालिचा वाळवला, आम्हाला कुणी रागावलं पण नाही, उलट दुसरी खोली देऊ का विचारलं. मावशी म्हणली नको. काका तिच्याजवळ गोल खिडकीपाशी बसून राहिले. वर लेकरांची परेड चालली होती, छत दणदणत होतं. मी म्हणलं, "काका, तुम्ही दोघं तरी जाऊन या ना मागच्या बाजूला." काका म्हणले, "इथंच बरंय." दोघं समुद्राकडं बघत होते आणि मला कळत नव्हतं की हे निवांत आहे का भीती.

शेवटच्या दिवशी सकाळी दार वाजलं. मीच उघडलं. सुवर्णावहिनी ईश्वरीला कडेवर घेऊन, खांद्याला बॅग. मला वाटलं परत भांडण.

ती मावशीला म्हणली, "आमच्या खोलीतला पण उघडाच होता."

"काय?"

"नळ. मी बी उघडा ठेवून गेले होते जादूच्या खेळाला. कन्नडला पण तसंच करतो आम्ही. बोळा घातला नव्हता, येवढंच."

मावशी हसली नाही. सुवर्णावहिनी पण नाही. मग ती म्हणली, "हिला जरा धरता का? मला माझ्या चपलेचा पट्टा लावायचाय." आणि पोरीला पुढं केलं.

चप्पल तर ती ईश्वरीला खाली उतरवून पण लावू शकली असती. मावशीला ते कळलं. तिचा चेहरा पुन्हा तसाच पांढरा, ओठ घट्ट. मी मधे पडणार होते, द्या माझ्याकडं म्हणणार होते. काकांनी माझा हात धरला.

"थांबा," मावशी म्हणली. "मला बसू द्या आधी. बसल्यावर पडायचं भेव नसतं."

आणि ती तिथंच दारात, गालिच्यावर, मांडी घालून बसली. पदर खोचला. दोन्ही हात साडीला पुसले, मग परत पुसले. "द्या आता."

ईश्वरी तिच्या मांडीत बसली, आणि बसल्या बसल्या मावशीच्या गळ्यातली पोत ओढून तोंडात घातली. मावशीनं तिला असं धरलं होतं जसं कुणी काठोकाठ भरलेलं पातेलं धरतं. सुवर्णावहिनीनं एक चप्पल लावली. मग दुसरी. मग उगंच पहिली काढून परत लावली.

गालिचा खालनं अजून ओलाच होता. मावशीची साडी भिजत चालली होती, मला दिसत होतं. ती उठली नाही.